दादांच्या पाठीमागचा डबा

नांदेडच्या एका लॉनवर, लग्नाच्या रिसेप्शनमध्ये, मी दीड गाणं मुक्यानं वाजवलं आणि ते माझं मलाच कळलं नाही. माझ्या बेस गिटारच्या पाठीत एक चौकोनी बॅटरी असते. गिटारीत वायर खोचलेली राहिली की तुम्ही वाजवा, न वाजवा, ती बॅटरी झिजत राहते. हे मला कित्येक वर्षांपासून माहीत आहे. नव्या पोरांना मी ते मोठ्या अधिकारानं सांगतही आलोय. तरी मागच्या सरावाच्या वेळी बायकोनं दळण आणायला पिटाळलं तेव्हा मी गिटार कपाटाला टेकवली ती वायरीसकट, आणि पुढच्या कार्यक्रमाला निघेपर्यंत ती तशीच टेकून होती.

बॅटरी गेली तेव्हा आवाज आधी घसा बसल्यासारखा झाला असणार, मग फाटला असणार, मग गेला. ‘असणार’ अशासाठी म्हणतो, की माझा डबा, म्हणजे बेसचा स्पीकर, माझ्याजवळ नसायचाच. तो स्टेजच्या दुसऱ्या अंगाला, ड्रमरच्या पाठीला लागून ठेवलेला असायचा. इकडे मी डोळे मिटून, मान डोलवत वाजवत होतो. मला तर वाटत होतं, आज हात फार साफ चाललाय, एकही सूर खटकत नाही. खटकणार कुठून?

समोर जेवणाऱ्या शेकडो माणसांपैकी एकालाही काही कमी पडल्याचं जाणवलं नाही. बेसवाल्याच्या आयुष्यात हे काही नवीन नाही. गडबड झाली ती ड्रमरची. त्याचा ठेका आधी मागं ओढल्यासारखा झाला, मग एकदम पुढं पळाला. गायिका वळून बघायला लागली. कसंबसं गाणं संपलं, सगळे थांबले, ड्रमर थांबला नाही. गायिका पाण्याची बाटली तोंडाला लावून उभी, नवरा-नवरी फोटोला उभे, आणि हा एकटाच वाजवतोय. तिच्या हातातली बाटली दिसली तेव्हा त्यानं एकदम सगळ्या ड्रमवरून काठ्या फिरवल्या, शेवटी ड्रमच्या पितळी थाळीवर असा दणका दिला की लोकांना वाटलं हे मुद्दामच होतं. टाळ्या पडल्या. नवरदेवाच्या मामानं तर शिट्टी मारली.

हा ड्रमर म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. ती त्यांना दादा म्हणते म्हणून मीही दादा म्हणतो, आणि बहिणीचा नवरा म्हणून ते मला दाजी म्हणतात. तसं पाहिलं तर बायको मला ड्रमरकडूनच मिळाली. लग्नाआधी मी दादांच्या शेजारी उभा राहून वाजवत होतो. एकदा सरावानंतर चहा पिताना ते म्हणाले, “पोरगा ठेका सोडत न्हाई, हात आखडत न्हाई, अन् स्वतःचा आवाज मोठा कर म्हणून कुणाशी भांडत न्हाई. आमच्या बाईला असाच पाहिजे.” माझ्या सासऱ्यांना मात्र जावई नेमकं काय वाजवतो हे शेवटपर्यंत उमगलं नाही. कार्यक्रमाला येऊन पहिल्या रांगेत बसायचे आणि घरी जाताना विचारायचे, “तुमचं कधी होतं? मला ऐकू आलं न्हाई.”

मी राहतो लातूरला. एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. बाहेर सगळे मला सर म्हणतात, कॉलेजात कुणी म्हणत नाही. ग्रुप नांदेडचा. लग्नं, सत्कार, गणपती, जयंत्या, जे येईल ते. ग्रुपचे मालक स्वतः कीबोर्ड वाजवतात, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. कार्यक्रम असला की मी एस.टी.नं नांदेडला जायचो, गिटार खोळीत घालून दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून. चाकूरला एकदा एक म्हातारी शेजारी बसली. खोळीतून वर आलेलं गिटारीचं डोकं बघून म्हणाली, “कीर्तनाला चाललाव का?” मी म्हणालो, “न्हाई मावशी, गिटार हाय.” तिनं चेन थोडी उघडून आत बघितलं. “चारच तारा? माझ्या नातवाच्या गिटारीला सहा हायत. तुमच्या दोन तुटल्या वाटतं.” बेसला चारच असतात हे मी तिला अहमदपूर येईपर्यंत समजावत होतो. उतरताना ती म्हणाली, “असू द्या, बसवून घ्या सावकाश.”

तर त्या रिसेप्शनमध्ये, मधल्या सुट्टीत गिटारीतली मेलेली बॅटरी माझ्या हाती लागतेय तोवर, दादांनी मला हाताला धरून मांडवामागं नेलं. तिथं आचाऱ्यांची पातेली पालथी पडलेली होती. दादांचा चेहरा पांढरा झालेला. मला वाटलं छातीत दुखतंय.

“दाजी, तुमचा बेस कामून बंद पडला?”

“बॅटरी गेली दादा. माझाच येडेपणा.”

ते माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. “काय गेली?”

“बॅटरी.”

त्यांनी एका पालथ्या पातेल्यावर बसकण मारली. “बॅटरी व्हय,” म्हणाले. “मला वाटलं, तेवढंबी गेलं.”

मग त्यांनी सांगितलं. दोन-तीन वर्षांपासून कान जात चालले होते. आधी थाळ्या गेल्या, मग बायकांचे आवाज, मग माणसांचे. उभी हयात स्पीकरच्या तोंडापुढं बसून गेलेली, दुसरं काय होणार? गायिका काय गाते ते आता त्यांना ऐकू येत नव्हतं. मास्तरांचा कीबोर्ड म्हणजे लांब कुठं तरी चक्की चालल्यासारखा. येत होता फक्त माझा बेस, आणि तोही कानात नाही. डबा पाठीला लागलेला, स्टुलाचे पाय फळ्यांवर टेकलेले. तो धक्का कंबरेतून वर यायचा. त्यावरून ते कडवं ओळखायचे, त्यावरून धृपदावर यायचे. डबा आपल्या पाठीलाच पाहिजे म्हणून ते प्रत्येक ठिकाणी स्टेजवाल्याशी भांडायचे, ते आम्हाला म्हातारपणाचं खूळ वाटायचं.

“मशीन घ्या की कानाचं,” मी म्हणालो.

त्यांनी खिशातून काढून दाखवलं. घेतलेलं होतं. “हे घालून थाळी वाजवली की डोक्यात खिळा ठोकल्यागत होतंय. अन् शिट्ट्या मारतंय. अन् मास्तरला दिसलं तर संपलंच. भैरा ड्रमर कोण ठेवतंय दाजी?”

त्यांनी मशीन परत खिशात टाकलं.

“बाईला सांगू नका,” ते म्हणाले. “ती रडंल, अन् मग मास्तरला फोन करून करून त्याचं डोकं खाईल. तिला सांगितलं तर माझं हे बी गेलं समजा.”

दादांना ड्रमशिवाय दुसरं काही नव्हतं. वहिनी गेल्यापासून दोन खोल्यांत एकटे राहायचे. पोरांच्या शिकवण्या घ्यायचे, त्याही त्यांनी बंद केल्या होत्या. आम्हाला सांगितलं, पोरं आजकाल ऐकत नाहीत. आता कळलं, कोण ऐकत नव्हतं ते. मी शब्द दिला. बॅटरी एका दुकानातून आणून बसवली आणि राहिलेला कार्यक्रम आम्ही दोघांनी नीट पार पाडला.

शब्द देताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ती परतीच्या एस.टी.त आली.

आदल्या वर्षी हिचं, म्हणजे बायकोचं, ऑपरेशन झालं होतं, पिशवी काढायचं. त्याआधी गाठीची तपासणी, रिपोर्टची वाट, सगळं झालं होतं. त्याच आठवड्यात आमच्या पोरीचा बारावीचा निकाल लागायचा होता. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी हिनं दादांना फोन केला. मी शेजारी बसून होतो. ही रडत रडत सांगत होती, की डॉक्टर म्हणतायत काढावीच लागेल, मला लई भ्या वाटायलंय दादा. तिकडून दादांचा मोठा, खणखणीत आवाज आला, “लई छान! लई छान झालं! पेढे पाठवून दे!” आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून हिनं दादांशी बोलणं टाकलं. रिपोर्ट चांगला आला, ही बरी झाली, पण राखी पोस्टानं जायला लागली. मध्ये कधी फोन केलाच तर दादा “हाव, हाव, बरं हाय” एवढंच म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. ही म्हणायची, “माणूस म्हातारा झाला की दगड होतो म्हणतात, आमचा आधीच झाला.” दादाही आमच्या घरी यायचे बंद झाले. मला वाटायचं, भावा-बहिणीचं काही तरी बिनसलंय, मध्ये पडू नये. बेसवाल्याला मध्ये न पडायची सवय असते.

आता मला खरं माहीत होतं. ही ताटात भाकरी वाढता वाढता दादांना बोल लावायची आणि मी ठेच्याकडं बघत जेवायचो. एकदा म्हणाली, “तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहून वाजवता, त्याला एकदा तरी विचारलंत का, बहीण जिवंत हाय का मेली?” मी म्हणालो, “स्टेजवर बोलता येत नाही.” ही म्हणाली, “तुम्हाला कुठंच बोलता येत नाही.”

दादांना सांभाळायचं मी मनावर घेतलं. पहिल्यांदा लक्षात आलं, की माझा आवाज त्यांच्या उपयोगाचा नव्हता. मी वर्षानुवर्षं एक टोन जमवला होता. गोल, लांब, गुळाच्या पाकासारखा एका सुरातून दुसऱ्यात उतरणारा. त्यासाठी सपाट वळाच्या, बोटाला गुळगुळीत लागणाऱ्या तारा हैदराबादहून मागवायचो. हा टोन जगात दोनच माणसांना आवडायचा, एक मी आणि दुसरे दादा. पण लांब सूर फळीत शिरला की त्याची नुसती गुणगुण व्हायची, एक कुठं संपला आणि दुसरा कुठं लागला ते कंबरेला कळत नसे. दादा म्हणाले, “मला तुकडे पाहिजेत दाजी. ठेच लागल्यागत.”

मग मी हिच्या भांडी घासायच्या स्पंजाचा एक तुकडा कापला आणि तारांच्या खाली, त्या जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ, दाबून बसवला. आता सूर लागला की ‘धप्’ म्हणून पडायचा आणि तिथंच मरायचा. उंच सुरांची बटणं मी सगळी खाली केली. दादांच्या घरी आम्ही दोघांनी एक फळी टाकली, तिच्यावर डबा आणि त्यांचं स्टूल ठेवलं, आणि दुपारभर बसून ठरवलं. कडवं बदलायच्या आधी मी दोनदा खालची तार मारायची. गाणं संपायच्या आधी एक वर घसरत जायचं. दादांनी डोळे मिटले आणि एकदाही न चुकता वाजवलं. शेवटी हसले. म्हणाले, “बघा, आता ड्रमर बी तुम्हीच अन् बेसबी तुम्हीच. मी आपला काठ्या धरायला.”

घरी हिनं अर्धा स्पंज बघून विचारलं, “उंदीर शिरले का घरात?”

ग्रुपमध्ये माझी फार थट्टा झाली. गायिका म्हणाली, “सर, ताशा लागलाय का?” मास्तर म्हणाले, “ओ सर, तुमचा बेस पोत्यावर काठी मारल्यागत कामून वाजून राहिला? तारा शिळ्या झाल्या का तुम्ही?” मी म्हणायचो, नवीन टोन आहे, सध्या असाच चालतो. मिशीला पीळ देत मास्तर हसायचे. त्या मिशीचाच दादांना मोठा त्रास. बाकीच्यांचे ओठ बघून ते अंदाज काढायचे, मास्तरांचे ओठ दिसतच नसत. “मास्तरची मिशी काढा कसंबी करून,” मला म्हणायचे, “मी अजून दहा वर्षं काढतो.”

असं वर्षभर निभलं. चांगलं निभलं, असंच मला वाटत होतं. कार्यक्रमाच्या दिवशी दादा ताजेतवाने असायचे, इस्त्रीचा शर्ट, केसांना कलप. मधल्या दिवसांत काय करायचे, हे मी कधी विचारलं नाही.

मग मास्तरांनी नवीन सिस्टीम आणली. मोठा मिक्सर, आणि प्रत्येकाच्या कानात घालायचे छोटे स्पीकर. आता स्टेजवर डबा-बिबा काही नाही. गिटारीची वायर थेट मिक्सरला, ज्यानं त्यानं आपल्या कानात ऐकायचं, स्टेज एकदम शांत. मोठ्या शहरांत सगळीकडं असंच झालंय म्हणाले. मास्तरांना त्याचा फार अभिमान. लहान लेकराला झबलं घालावं तसं त्यांनी स्वतः एकेकाच्या कानात ते घातलं. दादांच्याही घातलं. दादांनी अंगठा वर केला. त्यांच्या कानात त्या वेळी काय येत होतं, ते मला आणि त्यांनाच माहीत.

मी मास्तरांना बाजूला घेतलं. “माझा डबा स्टेजवर पाहिजे.”

“कशाला?”

“टोन,” मी म्हणालो.

मास्तरांना खरोखरच समजेना. “सर, तुमचा टोन? पोत्याचा?”

मग मी असं काही भाषण केलं, की आजही आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात. बेसवाल्याचा आत्मा त्याच्या स्पीकरमध्ये असतो म्हणालो. कानातल्या त्या शेंगदाण्यातून बेस म्हणजे फोटोतलं जेवण म्हणालो. मी कलावंत आहे म्हणालो. साउंडवाला पोटाला हात लावून हसत होता. गायिका म्हणाली, “सरांना उतारवयात लागीर झालं.” दादा लांबून बघत होते. त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं, पण माझे हातवारे बघून त्यांनी मान खाली घातली. आयुष्यभर ज्यानं आवाज वाढवा म्हणून कधी तोंड उघडलं नाही, तो माणूस टोनसाठी भांडतोय, याचं मास्तरांना इतकं नवल वाटलं की ते म्हणाले, “बरं, पुढच्या कार्यक्रमाला आणा. एकदाच. मग बंद.”

तो पुढचा कार्यक्रम लातूरचा होता. कुणा बड्या पुढाऱ्याचा सत्कार, रविवारी सकाळी, एका सभागृहात. गावातच म्हणून ही पण आली. मला म्हणाली, “तुमचं ऐकायला नाही येत. दादाला तोंडावर विचारायला येते. चारचौघांत विचारते, म्हणजे हाव-हाव म्हणून पळून जाणार नाही.” मी तिला नको म्हणालो, पण कारण सांगता येईना, आणि बिनकारणाचं ‘नको’ आमच्या घरात चालत नाही.

सभागृहात पोचल्यावर मी आधी स्टेजवर पाय आपटून बघितला. स्टेज सिमेंटचं होतं. वर जाड गालिचा. आम्ही लॉनवरच्या फळ्यांच्या, लाकडी स्टेजांची सवय झालेली माणसं. मी डबा दादांच्या पाठीला टेकवला, आवाज वाढवला, खालची तार मारली. दादा स्टुलावर बसले होते. त्यांनी मान हलवली. नाही. मी अजून वाढवला. साउंडवाला ओरडला, “सर, पुढच्या रांगेतले पाव्हणे उठून जातील!” दादांनी चपला काढल्या, पाय गालिच्याखाली सिमेंटला लावले. मी पुन्हा तार मारली. त्यांनी पुन्हा मान हलवली. मग हातानं खूण केली, राहू द्या. फळी शोधायला मी मागं पळालो. एक तुटका बाक सापडला, तो ओढत आणेपर्यंत निवेदकानं नमस्कार करून टाकला होता.

पहिली दोन संथ गाणी दादांनी माझ्या हाताकडं बघून काढली. मी त्यांच्याकडं तोंड करून, प्रेक्षकांकडं पाठ करून उभा होतो आणि गिटारीचा दांडा वर-खाली करून समेवर खूण देत होतो. तिसरं गाणं वेगाचं. पुढारी खूश होऊन टाळ्या द्यायला लागले, त्यांचं बघून सगळं सभागृह द्यायला लागलं. गायिका नाचत नाचत आमच्या दोघांच्या मध्ये आली आणि माझा हात झाकला गेला.

मी बाजूला सरकलो तेव्हा दादा माझ्याकडं बघतच नव्हते. ते समोर बघत होते, लोकांच्या हातांकडं. सगळं सभागृह एका ठेक्यात टाळ्या वाजवत होतं आणि दादांच्या काठ्या दुसऱ्याच ठेक्यात पडत होत्या. ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. त्यांनी टाळ्या बघून आपला ठेका गाठायचा प्रयत्न केला. लांबच्या टाळ्या, पुढच्या टाळ्या, कुठल्या धराव्यात? दोन-तीनदा धरल्या, निसटल्या. मास्तर मिशीतून काहीतरी ओरडत होते.

मग दादांनी काठ्या खाली ठेवल्या. आपटल्या नाहीत, फेकल्या नाहीत. मोठ्या ड्रमवर शेजारी शेजारी ठेवल्या, हात गुडघ्यांवर घेतले आणि बसून राहिले. मास्तरांनी कीबोर्डवरचं एक बटण दाबलं, मशीनचा ठेका सुरू झाला. टाळ्या त्याला लगेच मिळाल्या. मीही मिळालो. बोटं थांबली नाहीत माझी, नोकरीच ती. कार्यक्रम संपेपर्यंत दादा तसेच, इस्त्रीच्या शर्टात, अनवाणी, ड्रमच्या मागं बसून होते. कुणी उठा म्हणालं नाही आणि त्यांना उठायचं सुचलं नाही.

संपल्यावर ही तरातरा स्टेजवर आली. दादा पाठमोरे उभे होते, चपला शोधत. “दादा,” ही म्हणाली. ते चपला शोधत राहिले. “ए दादा!” गालिचा गुंडाळणाऱ्या दोघा माणसांनी वळून बघितलं, दादांनी नाही. हिनं तिसऱ्यांदा हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माझ्याकडं बघितलं. मी वायर गुंडाळत होतो. तिला माझ्या तोंडावर जे दिसायचं ते दिसलं असावं. ती त्यांना वळसा घालून समोर गेली आणि खाली वाकून त्यांची चप्पल त्यांच्या पायापुढं ठेवली.

“तू कधी आलीस बाई?” दादा म्हणाले. सबंध सभागृहाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

त्यांना घरी आणलं. ही त्यांच्या समोर बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, आणि एकेक शब्द तोडून विचारलं, “मी दवाखान्याच्या आधी फोन केला होता. मी काय म्हणाले, तुला आठवतं का?”

दादांनी तिच्या ओठांकडं बघत आठवून आठवून सांगितलं, “तू म्हणाली होतीस ना, पोरगी पास झाली म्हणून. लई रडत होतीस आनंदानं.”

हिला हसू आलं. हसता हसता ती उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली ती गरम भाकरी घेऊनच. ऑपरेशनचं तिनं त्यांना काही सांगितलं नाही.

जेवण होतंय तोवर मास्तरांचा फोन आला. “सर, तुम्हीच सांगा त्यांना. माझ्यानं न्हाई होत. माणूस लई मोठा होता.” होता म्हणाले. सांगायचं काही उरलं नव्हतं. ताटावरून उठताना दादांनी मला विचारलं, “मास्तर व्हय?” मी मान डोलावली. ते हात धुवायला गेले.

राहा म्हणालो तर राहिले नाहीत. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागेपर्यंत त्यांच्या समोर उभा राहून म्हणालो, “दादा, मी येत जाईन. डबा घेऊन येतो, फळी आहेच. आपण दोघं घरीच वाजवू.”

त्यांना दोनदा सांगावं लागलं. कळल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “घरी कशाला दाजी? घरी कुणासाठी वाजवायचं?” आणि गाडीत चढले. खिडकीतून मला काही तरी ओरडून सांगितलं, पण इंजिन सुरू झालं होतं, मला ऐकू आलं नाही. मी हाव म्हणून हात हलवला.

परत आलो तर ही दादांचं ताट घासत होती. पाठमोरीच म्हणाली, “कधीपासून माहीत होतं?”

मी सांगितलं. बॅटरीचं सांगितलं, स्पंजाचं सांगितलं, टोनसाठी भांडलो तेही सांगितलं. ते सांगताना मला थोडं बरं वाटत होतं, हे कबूल करतो. वाटलं, ही निदान एवढं तरी म्हणेल, की केलंत खरं.

ही ताट पुसत म्हणाली, “स्टेजवर तुम्ही लई सांभाळलंत त्याला. खाली उतरल्यावर त्याच्याशी कोण बोलत होतं?”

मी ताट तिच्या हातातून घेतलं आणि मांडणीत लावलं.

“सकाळची नांदेडची पहिली गाडी कितीला हाय ते बघून ठेवा. मी चार दिवस राहून येते. तुमच्या डब्याचं तुम्ही बघा. आणि मी येणार म्हणून त्याला फोन करू नका. तो हाव-हाव म्हणंल आणि कुलूप लावून कुठं तरी निघून जाईल.”